पाठ टेकल्यावर : जपानच्या व्यावसायिक कुस्तीचा एक अभ्यास
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. गंगाखेड तालुक्यात, गोदावरीपासून कोसभर आत आमचं गाव आहे. आजोबांना आम्ही आबा म्हणतो. आबा बाजेवर पडले होते आणि मी शेजारी बसून मोबाईलवर १९९४ सालची एक जपानी कुस्ती बघत होतो. उमेदीच्या काळात आबांनी गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी भागातल्या बऱ्याच जत्रा केलेल्या. नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून शेवटच्या कुस्तीपर्यंत पोचलेला माणूस. डावा खांदा अजून पूर्ण वर जात नाही. मोबाईलचा आवाज ऐकून ते उठून बसले, चष्मा लावला आणि माझ्या हातातून मोबाईल घेतला. दोन-तीन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले,

"आरं, पाठ टेकली की त्येची."

मी म्हणालो, "हो आबा, पण तिथं पंच तीनपर्यंत मोजतो. तो दोनला उठला."

"उठला? मंग पाडलं कामून?"

एवढं बोलून त्यांनी मोबाईल परत दिला आणि आडवे झाले. मला काही उत्तर सुचलं नाही. चार वर्षं मी ह्या कुस्त्या बघतोय. लहानपणी ट्रम्प कार्डच्या पत्त्यांमधून अमेरिकन पैलवान पाठ झाले, अकरावीला असताना कुठूनतरी एक जपानी कुस्ती हाती लागली आणि तिथून अमेरिकन प्रकार सुटला तो सुटलाच. होस्टेलवर मला 'जपान' म्हणूनच हाक मारतात. पण आबांचा प्रश्न इतका सरळ होता की मला माझीच आवड पहिल्यापासून तपासावी लागली. हा लेख म्हणजे ती तपासणी. ह्यात थोडं मेकॅनिक्स येईल, ते ज्यांना नको असेल त्यांनी तेवढं गाळून पुढे जावं.

खरी की खोटी?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून आधी तोच निकालात काढू. जपानच्या व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो. कोण जिंकणार, हे दोघांनाही माहीत असतं. ह्यात लपवण्यासारखं काही नाही आणि ह्याचं समर्थनही मी करत बसणार नाही.

आपल्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात, आणि फडात नुरा लक्षात आली की लोक दोघांनाही हाकलून देतात. ते बरोबरच आहे. गावाने वर्गणी काढून इनाम ठेवलं ते खऱ्या कुस्तीसाठी, तुम्ही दोघांनी आतून वाटून घेतलं तर ती चोरी झाली. पण जिथं सगळ्यांनाच ठाऊक आहे, तिथं चोरी कसली? वगनाट्यात राजा मेला म्हणून कोणी पोलीस पाटलाला बोलवायला पळत नाही. आपण राजा कसा मेला ते बघतो.

फरक एवढाच की वगातला राजा खोटा पडतो आणि जपानचा पैलवान खरा पडतो. निकाल ठरवता येतो, गुरुत्वाकर्षण ठरवता येत नाही. शंभर किलोचा माणूस दीड मीटरवरून खाली आला की त्याची ऊर्जा कुठेतरी जावीच लागते.

थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या जपानमध्ये हा खेळ उभा केला तो रिकिदोझान ह्या मूळच्या सुमो पैलवानाने. १९५४ साली शार्प बंधूंशी झालेल्या त्याच्या कुस्त्या लोकांनी चौकाचौकांत लावलेल्या टीव्हीपुढे गर्दी करून बघितल्या. त्याचे दोन शिष्य, अंतोनिओ इनोकी आणि जायंट बाबा. १९७२ साली इनोकीने न्यू जपान आणि बाबाने ऑल जपान अशा दोन वेगळ्या संस्था काढल्या, आणि पुढची तीस वर्षं जपानचे रसिक ह्या दोन घराण्यांत वाटले गेले. गाण्यातल्या घराण्यांसारखंच. मी स्वतः ऑल जपानवाला, हे पुढे कळेलच.

पडण्याचं गणित

आता आबांचा प्रश्न. आपल्या मातीतल्या कुस्तीचा सगळा अर्थ एका गोष्टीत आहे : पाठीला माती लागता कामा नये. ढाक असो, कलाजंग असो, मोळी असो, घिस्सा असो, शेवट एकच. समोरच्याला आकाश दाखवायचं. ते दिसलं की हलगी थांबते, विजयी पैलवान फेटा बांधून फडाभोवती फिरतो आणि लोक त्याच्या हातात नोटा ठेवतात. जत्रेत गुण नाहीत, बरेचदा वेळेचं बंधनही नाही. एकदा पाठ लागली की कुस्ती संपली.

जपानमध्ये कुस्ती सुरू होते ती पाठ लागल्यावर. एका कुस्तीत एक माणूस वीस-तीस वेळा पडतो. पडून उठतो, पुन्हा पडतो. म्हणून तिथे नवीन पोराला सर्वांत आधी जे शिकवतात त्यात डाव येतच नाही, येतं ते पडणं. ह्याला त्यांचा शब्द आहे 'उकेमी'. त्याचा अर्थ मी शोधला तेव्हा गंमत वाटली. शब्दशः अर्थ होतो 'अंगावर घेणं'. आपण मराठीत नेमकं हेच म्हणतो.

उकेमी म्हणजे काय? मागे पडताना हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ एकदम सपाट टेकवायची. त्याच क्षणी दोन्ही हात पसरून तळव्यापासून कोपरापर्यंत जमिनीवर आपटायचे आणि श्वास सोडायचा. बघणाऱ्याला हातांचा तो फट्ट आवाज म्हणजे नाटक वाटतं. ते नाटक नाही, ते क्षेत्रफळ आहे.

पहिल्या वर्षाला आपण सगळ्यांनी वर्क-एनर्जी केलंय (काहींनी दोनदा केलंय). 'उ' उंचीवरून पडलेला माणूस 'द' एवढ्या अंतरात थांबला, तर थांबताना त्याच्यावर बसणारा सरासरी झटका गुरुत्वाच्या किती पट? उत्तर फारच सोपं येतं : उ भागिले द. वजन दोन्हीकडून कटून जातं. एक मीटरवरून पडलात आणि खालचं काहीतरी दहा सेंटिमीटर दबलं, तर दहा पट. दोनच सेंटिमीटर दबलं, तर पन्नास पट. ही सरासरी आहे, शिखरमूल्य ह्याहून जास्त असतं, आणि शरीर म्हणजे काही लोखंडाचा ठोकळा नव्हे. पण अंदाजाला एवढं पुरतं.

आता दुसरा भाग, दाब. पाठ आणि दोन्ही हात मिळून जमिनीला लागणारं क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर धरू. डोकं आणि मान लागली तर ०.०२ चौरस मीटर धरू. तोच झटका पंधरापट कमी जागेवर आला म्हणजे दाब पंधरापट झाला. पाठीवर पडणं आणि मानेवर पडणं ह्यात फरक आहे तो हा. जपानी रिंगण खाली लोखंडी तुळया, वर फळ्या, त्यावर पातळ गादीचा थर आणि वर ताणलेलं कापड असं असतं. ते थोडं लवचीक असतं, पण मऊ अजिबात नसतं. बाकीचं सगळं त्या माणसाच्या पडण्यावर.

म्हणजे आबांच्या प्रश्नाचं माझं अर्धं उत्तर असं : आपल्याकडे पाडणारा कलाकार असतो, तिकडे पडणारासुद्धा कलाकार असतो. तिथला चांगला प्रेक्षक पडणाऱ्याकडे बघतो.

बैठका कुठून कुठे गेल्या

इथे एक आडवळण घेतो, कारण ते मला फार आवडतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव फ्लायवेट गटात सहावे आले, हे आपल्याला शाळेत सांगतात. त्याच ऑलिंपिकमध्ये बेल्जियमकडून चार्ल्स इस्ताझ नावाचा एक पैलवान वरच्या वजनगटात उतरला होता. त्याला पदक मिळालं नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीत गेला, कार्ल गॉच झाला आणि जपानमध्ये जाऊन त्याने एक पिढी घडवली. जपानी लोक त्याला 'कुस्तीचा देव' म्हणत. त्याचं शिकवणं कशावर उभं होतं? जोर, बैठका आणि मुद्गल. आपलेच! जगभर आज त्यांना 'हिंदू पुशअप' आणि 'हिंदू स्क्वॅट' म्हणतात. न्यू जपानच्या तालमीत नवीन पोरं काळी चड्डी घालून शेकड्यांनी बैठका मारतात, आणि वस्तादाच्या धाकाचं म्हणाल तर तिथलं आणि आपल्या कुठल्याही तालमीतलं वातावरण फारसं वेगळं नसावं. हे आबांना सांगितलं तेव्हा मात्र ते खूश झाले. "बैठका मारत्यात का? मंग पैलवान हायती."

खाशाबांचाही जपानशी संबंध आला. १९५२, हेलसिंकी, ५७ किलो वजनगट. खाशाबा हरले ते जपानच्या शोहाची इशीशी आणि सोव्हिएत पैलवान राशीद मामेदबेकोवशी. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणि त्या वर्षी जपानचं ते एकमेव सुवर्ण. इशीशी लांबलेल्या झुंजीनंतर पुरेशी विश्रांती न देता खाशाबांना पुढच्या कुस्तीला उभं केलं आणि हरकत घ्यायला आपला कोणी अधिकारी जागेवर नव्हता, असं सांगतात. बहात्तर वर्षांनी, २०२४ च्या पॅरिसमध्ये, पुन्हा ५७ किलो गट : अमन सेहरावतला जपानच्या रेई हिगुचीने उपांत्य फेरीत हरवलं. हिगुचीला सुवर्ण, अमनला कांस्य. योगायोगच, पण जपानी माणसाला कुस्ती येत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी लिहून ठेवलं.

काही कुस्त्या आणि माझी मतं

आता मुख्य विषय. सगळ्या कुस्त्या सांगत बसलो तर संपादक कात्री लावतील, म्हणून मोजक्याच.

इनोकी विरुद्ध मुहम्मद अली, २६ जून १९७६, टोकियोचं बुडोकान. हिच्याबद्दल सगळे बोलतात, बघितलेली फार थोड्यांनी असते. मी पूर्ण बघितली, पंधराच्या पंधरा फेऱ्या. कंटाळवाणी आहे. नियमांनी इनोकीचे हात बांधून टाकले होते, म्हणून त्याने वेगळाच मार्ग काढला. तो चक्क पाठीवर आडवा पडला आणि खालून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. अलीने सगळ्या मिळून जेमतेम अर्धा डझन ठोसे मारले, सामना बरोबरीत सुटला आणि सुजलेले पाय घेऊन अली पुढे दवाखान्यात गेला. पण माझं मत असं की ही कंटाळवाणी कुस्ती प्रत्येकाने पाच मिनिटं तरी बघावी. जगातला सर्वांत भारी मुष्टियोद्धा समोर असताना एक पैलवान आपणहून पाठ टेकतो आणि तिथून लढतो! आपल्या फडात हे कुणाला सुचलंच नसतं. सुचलं तरी पंचाने उठवून घरी पाठवलं असतं.

त्याच वर्षी डिसेंबरात इनोकी कराचीला जाऊन अक्रम पैलवानाशी लढला. अक्रम म्हणजे थोर गामाचा पुतण्या, इमामबक्षचा मुलगा. हाच इमामबक्ष शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूरचं खासबाग मैदान सुरू झालं तेव्हा तिथे लढला होता. ही कुस्ती मध्येच ठरल्याबाहेर गेली, खरी झाली असं म्हणतात, आणि बघताना ते पटतं. इनोकीने हात पिरगाळला, अक्रमचा हात गेला, कुस्ती थांबवावी लागली. मला ही कुस्ती आवडत नाही. पुन्हा बघावीशी वाटत नाही. जिथे दोघांचा एकमेकांवर विश्वास उरत नाही तिथे हा खेळच उरत नाही, उरते ती नुसती मारामारी.

आता माझी सर्वांत आवडती. मित्सुहारू मिसावा विरुद्ध तोशिआकी कावादा, ३ जून १९९४, पुन्हा बुडोकान. आबांनी बघितली ती हीच. जवळजवळ छत्तीस मिनिटं चालते. हे दोघं एकाच हायस्कूलच्या कुस्ती संघातले, मिसावा एक वर्ष पुढे. (ते हायस्कूल अशिकागातल्या एका इंजिनिअरिंग विद्यापीठाला जोडलेलं होतं. आपल्या शाखेतून बाहेर पडून नाव काढणाऱ्यांची परंपरा जुनी आहे.) एक वर्षाने सीनिअर असलेल्या पोराच्या पुढे कधीच जाता न येणं म्हणजे काय, हे होस्टेलवर राहिलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको. कावादाच्या तोंडावर ते सगळं दिसतं. तो मिसावाला लाथा घालतो त्या डाव वाटतच नाहीत, जुनी उधारी वसूल केल्यासारख्या वाटतात. आणि मिसावा चेहऱ्यावर काही दाखवत नाही, हिरवी विजार सावरत परत उभा राहतो.

ह्या कुस्तीत पडण्याला किंमत आहे. पहिल्या दहा मिनिटांत पडलेला माणूस लगेच उठतो. विसाव्या मिनिटाला गुडघ्यावर येऊन थांबतो. तिसाव्याला दोरी धरून उठतो. प्रत्येक पडणं मागच्या पडण्यात मिळवलं जातं, बँकेतल्या व्याजासारखं. मी कुस्ती चांगली की वाईट हे ह्याच एका कसोटीवर ठरवतो : पाचव्या मिनिटाला जे लागलं ते पंचविसाव्या मिनिटाला दुखतंय का?

शेवट मात्र बघताना अंगावर काटा येतो. मिसावाचा एक डाव होता, टायगर ड्रायव्हर ९१. तो त्याने १९९१ मध्ये एकदा वापरला आणि नंतर ठेवून दिला. ह्या दिवशी परत काढला. डाव असा : समोरच्याला वाकवून त्याचे दोन्ही हात मागून अडकवायचे, तसाच उचलायचा आणि मानेवर खाली आणायचा. आता वरचं उकेमी आठवा. हातच अडकलेले, म्हणजे क्षेत्रफळ गेलं. पाठ सपाट टेकत नाही, म्हणजे तेही गेलं. ज्या कलेवर हा सगळा खेळ उभा आहे, तीच कला समोरच्याकडून काढून घेणारा डाव. म्हणूनच तो शेवटचा डाव, आणि म्हणूनच तो परिणामकारक. मी तो किती वेळा बघितला ह्याची मोजदाद नाही. आणि तो मी बघायला नको होता, असंही वाटतं.

कारण नंतर हे वाढत गेलं. मिसावा विरुद्ध केंटा कोबाशी, १ मार्च २००३. मिसावाने कोबाशीला हात अडकवून, रिंगणाकडे येणाऱ्या उंच वाटेवरून खाली जमिनीवर टाकलं. कोबाशी उठला आणि शेवटी जिंकलाही. लोक वेडे झाले. अनेक जण हिला १९९४ च्या कुस्तीच्या वर ठेवतात. मी ठेवत नाही. त्या एका पडण्याची किंमत कुठल्याही कुस्तीत चुकती होणं शक्य नाही. कोबाशीचं म्हणाल तर तो माणूस म्हणून मला सर्वांत प्रिय. गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचा कर्करोग, सगळं करून २००७ अखेर तो परत आला आणि २०१३ मध्ये बुडोकानातच निवृत्त झाला.

नव्यापैकी काझुचिका ओकादा विरुद्ध केनी ओमेगा, ४ जानेवारी २०१७, टोकियो डोम. पावणेसत्तेचाळीस मिनिटं. अमेरिकेतले पत्रकार डेव्ह मेल्झर कुस्त्यांना तारे देतात, पाचपैकी. हिला त्यांनी सहा दिले! आपल्याकडे असं मार्किंग झालं असतं तर निम्मं कॉलेज टॉपर. माझं मत : वेग, ताकद, आखणी सगळं अव्वल, पण माझ्या कसोटीवर थोडी कमी पडते. दोरीवरून मानेवर टाकलेला माणूस थोड्याच वेळात धावायला लागतो. २०१८ च्या जूनमधली ह्याच दोघांची तीन डावांपैकी दोनची लढत मला जास्त भावते, तासाच्या वर चालूनही. तिच्यात थकवा खरा वाटतो.

आणि ९ एप्रिल २०१७, ओकादा विरुद्ध कात्सुयोरी शिबाता. तीसहून अधिक मिनिटं अतिशय सुंदर कुस्ती. मग शिबाताने आपलं कपाळ ओकादाच्या कपाळावर आपटलं. खोटं नाही, खरोखर. कपाळातून रक्त आलं. कुस्ती संपवून तो आत गेला आणि कोसळला. मेंदूजवळ रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण त्याची ती कारकीर्द जवळजवळ तिथेच संपली. मी ही कुस्ती कोणालाही बघ म्हणून सांगत नाही.

मान

१३ जून २००९ ला हिरोशिमात मिसावा एका साध्या डावावर पडला. मागून उचलून पाठीवर टाकण्याचा डाव, जो त्याने हजारो वेळा अंगावर घेतला असेल. ह्या वेळी उठला नाही. मणक्याला मानेत इजा झाली होती. त्या रात्री तो गेला. वय ४६. पंचेचाळिशी ओलांडल्यावरही तो पडतच होता, कारण संस्था त्याची होती आणि तिकिटं त्याच्या नावावर विकली जात. वर्षाला शंभराहून जास्त कुस्त्या, वीस वर्षांहून अधिक काळ. फटीग आपण मशीन डिझाईनमध्ये शिकतो : एका भाराने न तुटणारा भाग तोच भार लाखो वेळा आल्यावर तुटतो, आणि शेवटचा भार पहिल्याहून मोठा असावा लागत नाही. मानेला हे सूत्र जसंच्या तसं लागू पडतं असा माझा दावा नाही. पण त्या प्रकरणापाशी आलो की मला मिसावा आठवतो.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. दुसऱ्या वर्षाला असताना एका रात्री होस्टेलवर दोन गाद्या एकावर एक टाकून मी एका मित्राला तो मागून उचलायचा डाव करून दाखवला. उचलणारा मी होतो. त्याला उकेमी मीच शिकवलं, पाच मिनिटांत, स्वतः कधीही न शिकता. तो हात पसरायचा विसरला, खांद्यावर आला. कॉलरबोन. सहा आठवडे हात गळ्यात, वर्कशॉपचं जॉब सबमिशन गेलं, आणि त्याच्या आईने फोनवर मला एका शब्दानेही काही म्हटलं नाही, हे सर्वांत वाईट. होस्टेलची कापसाची जुनी गादी किती दबते ते नंतर मी पट्टीने मोजलं. दोन गाद्या मिळून दोन सेंटिमीटर. एक मीटर भागिले दोन सेंटिमीटर. वरच्या गणितातला पन्नास हा आकडा मी असाच काढला नव्हता.

हे दिवाळीत आबांना सांगितलं. मिसावाचंही सांगितलं. त्यांनी वय विचारलं, मी सांगितलं. बराच वेळ गप्प बसले. मग आपल्या डाव्या खांद्याची गोष्ट सांगितली, जी मी तोवर ऐकली नव्हती. मला वाटायचं तो कुठल्यातरी मोठ्या पैलवानाने मोडला. तसं नव्हतं. एका गावच्या जत्रेत फड मध्यभागी खणला होता, कडेला नुसती वरून भुसभुशीत माती पसरलेली, खाली ढेकळं तशीच. कुस्ती सरकत कडेला गेली आणि समोरच्याने ढाक मारली. "डाव चांगला हुता त्येचा," आबा म्हणाले, "रान वाईट हुतं."

ह्यावर माझ्या डोक्यात जे यायचं तेच आलं. चैत्रात आमच्या गावची जत्रा असते. यंदा फड तयार झाल्यावर, कुस्त्यांच्या आदल्या दिवशी, मी स्टीलची पट्टी घेऊन गेलो. मध्यभागी पट्टी पाच इंच आत गेली. कडेला चार ठिकाणी घातली : दोन इंच, दीड, दीड, पावणेदोन. दीड इंच म्हणजे चार सेंटिमीटरही नाही. मध्ये पडलेल्या पोराला आठ पट झटका आणि कडेला पडलेल्याला पंचवीस पट. आणि रेवड्यांच्या कुस्त्या, सात-आठ वर्षांच्या पोरांच्या, कडेलाच लागतात, कारण मधली जागा मोठ्यांसाठी राखलेली असते.

जत्रेच्या मंडळींना हे आकडे सांगितले तर हसले. "इंजिनेर आला मोजायला." मग आबा काठी टेकत फडात आले. त्यांनी काही सांगितलं नाही, कडेला जाऊन टाच दाबून बघितली आणि तिथेच उभे राहिले. ट्रॅक्टर कोणी आणला ते मला माहीत नाही, पण अर्ध्या तासात आला. रोटाव्हेटर दोनदा फिरवला, ढेकळं पोरांनी फोडली, पाणी शिंपडून माती बसवली आणि परत वर केली. अंधार पडायच्या आत मी पुन्हा चारही बाजूंनी पट्टी घातली. सर्वांत कमी साडेचार इंच भरलं.

आबांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "सहा कर."

पुन्हा ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली.